अल्सर : तिखट, चिंता, जंतू आणि कंबरदुखीच्या गोळ्या

जांभादगड (राजापूर तालुका)

पोटाच्या वरच्या भागात जळजळू लागले की आमच्या भागातला माणूस आधी ‘पित्त खवळले’ म्हणतो, मग जेवणातले तिखट बंद करतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर माझ्यासारख्या औषधविक्रेत्याकडे येऊन ‘सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती कॅप्सूल’ मागतो. कॅप्सूलने चार दिवसांत बरे वाटते, म्हणून ती महिनोन्महिने चालू राहते आणि मूळ दुखणे कशाचे होते हे कोणी विचारत नाही. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडणारी जखम. तिच्या कारणांविषयी वैद्यकाचे मत गेल्या चाळीस वर्षांत मुळापासून बदलले आहे आणि अलीकडे उपचारही बदलू लागले आहेत. पण खाडीकाठच्या गावांत अजून तिखट आणि चिंता हेच दोन आरोपी पिंजऱ्यात उभे आहेत. त्यासाठी हा धागा काढत आहे.

पहिले मुख्य कारण जंतूचे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली रुग्णांच्या जठरातला मळसूत्री आकाराचा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, मार्शल यांनी पुढे तो स्वतः पिऊन आपल्या जठराला सूज आणली, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा बहुतेकांनी वाचलेली असते, त्यामुळे मी तिच्यात रमत नाही. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातल्या तीव्र आम्लात तो जगतो, कारण त्याच्याकडे युरिएझ नावाचे विकर असते, ज्याच्या साहाय्याने तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो. जठराच्या शेवटच्या भागात तो दीर्घकाळ सूज ठेवतो. त्या सुजेमुळे आम्ल वाढवणाऱ्या गॅस्ट्रिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि ते जास्तीचे आम्ल पुढे लहान आतड्यात उतरून तिथे जखम करते. जगातल्या जवळपास निम्म्या प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो, पण त्यांतल्या साधारण दहापैकी एकालाच आयुष्यात कधीतरी अल्सर होतो. म्हणून ‘जंतू आहे’ आणि ‘अल्सर आहे’ ही दोन विधाने वेगळी ठेवावीत.

दुसरे कारण वेदनाशामक गोळ्यांचे, आणि माझ्या मते कोकणात याच कारणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले की अॅस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन्स नावाची द्रव्ये तयार होणे थांबवतात. वेदना आणि सूज कमी होते ती त्यामुळेच. परंतु जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर, त्यातील बायकार्बोनेट आणि अस्तराचा रक्तपुरवठा हेदेखील त्याच प्रोस्टाग्लँडिन्सवर अवलंबून असतात, म्हणजे गोळी कंबर शांत करते त्याच वेळी पोटाचे संरक्षण काढून घेते. आषाढात लावणी सुरू झाली की दिवसभर चिखलात वाकून काम करणारी माणसे, विशेषतः साठीच्या पुढच्या बायका, डायक्लोफेनॅकच्या किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या अक्षरशः चहाबरोबर घेतात. कधी त्या कागदाच्या पुडीत सुट्या मिळालेल्या असतात, त्यामुळे आपण काय घेतो आहोत हेही त्यांना ठाऊक नसते. काहीजणी सांगतात की पोटाला त्रास नको म्हणून आम्ही इंजेक्शनच घेतो. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे, कारण औषध रक्तातून अस्तरापर्यंत पोहोचते आणि सुईने घेतले तरी प्रोस्टाग्लँडिन्स तेवढीच कमी होतात.

इथे वैद्यकीय व्यवसायातील काही सदस्य आहेत, त्यांनी उपचारांतील नव्या गोष्टींविषयी लिहावे. माझ्या दुकानातला मोठा प्रश्न असा आहे की जंतूवरच्या औषधांचा चौदा दिवसांचा संच लिहून दिला जातो आणि माणसे पाचव्या दिवशी उरलेल्या गोळ्या परत घ्या म्हणून येतात.

सुरंगी (कुडाळ)

धागा योग्य वेळी काढलात, जांभादगड साहेब. मी सिंधुदुर्गात फिजिशियन म्हणून काम करते आणि तुम्ही शेवटी जे लिहिले आहे तिथूनच सुरुवात करते, कारण सगळ्या नव्या संशोधनाचा रोख तिकडेच आहे.

आमच्या शिक्षणाच्या काळात या जंतूवर क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन आणि आम्ल कमी करणारे एक औषध असा तिहेरी उपचार सात किंवा दहा दिवस दिला जाई आणि तो पुष्कळदा लागू पडे. आज तसे राहिलेले नाही. जंतूने क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देणे अनेक देशांत कमी केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नव्या प्रतिजैविकांची तातडीने गरज असलेल्या जंतूंची यादी केली, तेव्हा क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या हेलिकोबॅक्टरला त्यात वरच्या प्राधान्यगटात ठेवले होते. भारतात मेट्रोनिडाझोलविरुद्धचा प्रतिकार तर फारच वाढलेला आहे, आणि त्यात नवल नाही, कारण जुलाब लागले की हे औषध आपल्याकडे वर्षानुवर्षे सर्रास घेतले गेले आहे. साधा खोकला झाला म्हणून अॅझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की ते क्लॅरिथ्रोमायसिनचे सख्खे भावंड आहे आणि एकाविरुद्ध तयार झालेला प्रतिकार दुसऱ्यालाही लागू होतो.

म्हणूनच २०२४ साली अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे माहीत नसेल तर पहिला उपचार म्हणून बिस्मथ असलेला चौपदरी उपचार चौदा दिवस द्यावा, असे सांगितले आहे. त्यात बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि आम्लरोधक (ओमेप्राझोलसारखे आम्ल कमी करणारे) अशी चार औषधे येतात. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२२ सालच्या सहमतीचा कलही तसाच आहे. बिस्मथविरुद्ध जंतूला प्रतिकार उभा करता आलेला नाही, आणि मेट्रोनिडाझोलचा प्रतिकार प्रयोगशाळेत दिसला तरी पुरेशा मात्रेत आणि पूर्ण चौदा दिवस औषध दिल्यास तो बराच निष्प्रभ होतो. अडचण अशी की हा उपचार रुग्णाला जड जातो. दिवसातून चार वेळा मूठभर गोळ्या, तोंडाला धातूची चव, मळमळ आणि काळी शौच. काळी शौच बिस्मथमुळे होते हे आधी सांगितले नाही, तर माणूस रक्तस्राव झाला असे समजून घाबरतो आणि औषध टाकून देतो. तुमच्याकडे गोळ्या परत आणणाऱ्यांपैकी काहींना हे कोणी सांगितलेले नसावे, असा माझा अंदाज आहे.

आता खऱ्या अर्थाने नवीन असलेल्या औषधाबद्दल. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे औषधे जठरातील आम्लाचा पंप बंद करतात, पण ती स्वतः कार्यक्षम होण्यासाठी त्यांना चालू पंपाची आणि आम्लाची गरज असते, म्हणूनच ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागतात. चहा-नाश्ता उरकल्यावर घेतली तर त्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. व्होनोप्राझान नावाचे औषध त्याच पंपाला पोटॅशियमच्या जागी चिकटून थेट अडवते, त्याला जेवणाच्या वेळेचे बंधन नाही आणि त्याचा परिणाम पहिल्याच दिवसापासून दिसतो. जपानमध्ये ते २०१५ पासून वापरात आहे, अमेरिकेत या जंतूसाठी त्याला २०२२ साली मान्यता मिळाली, आणि आता भारतातही ते मिळू लागले आहे. अमेरिका आणि युरोपातील मोठ्या चाचणीत क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा जंतू असलेल्या रुग्णांत जुना तिहेरी उपचार जेमतेम ३२ टक्के लोकांत यशस्वी झाला, तर व्होनोप्राझानसह दिलेला तिहेरी उपचार सुमारे ६६ टक्के आणि व्होनोप्राझान व अमॉक्सिसिलिन ही केवळ दोनच औषधे सुमारे ७० टक्के लोकांत यशस्वी ठरली. आकडे उत्साहवर्धक आहेत, तरी सत्तर टक्के म्हणजे दहापैकी तिघांच्या पोटात जंतू शिल्लक राहिला, हेही त्याच आकड्यात आहे.

त्यामुळे उपचार संपल्यावर जंतू गेला की नाही हे तपासणे आवश्यक आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच होत नाही. श्वासाची तपासणी किंवा शौचातील प्रतिजनाची (जंतूच्या अंशांची) तपासणी उपचार संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी करावी, आणि तिच्याआधी दोन आठवडे आम्लरोधक कॅप्सूल बंद ठेवावी, नाहीतर जंतू असूनही तपासणी ‘नाही’ म्हणते. यासाठी रक्तातील प्रतिपिंडांची (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या द्रव्यांची) तपासणी करू नये. जंतू गेल्यावरही प्रतिपिंडे दीर्घकाळ रक्तात राहतात आणि माणूस विनाकारण पुन्हा औषधे घेत बसतो.

हर्णैबंदर (दापोली तालुका)

माहिती वाचून समाधान वाटले, परंतु तिखटाला इतक्या सहज सोडून दिलेले पटत नाही. आमच्याकडे ट्रॉलरवरचे खलाशी आठ-दहा दिवस समुद्रात असतात, जेवणाची वेळ नसते, लाल तिखटाचे कालवण आणि भात हेच अन्न, वर तंबाखू आणि काळा चहा. त्यांच्यापैकी पोटदुखीची तक्रार नसलेला माणूस मला विरळाच भेटला आहे. शिवाय सुके मासे आणि खारवलेला बांगडा पावसाळाभर ताटात असतो, त्याचा काहीच संबंध नाही काय?

सुरंगी (कुडाळ)

तुमच्या प्रश्नातले धागे वेगवेगळे करावे लागतील. तिखटाने जळजळ होते यात शंका नाही. मिरचीतील कॅप्सेसिन वेदनेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवते. पण जळजळ होणे आणि जखम होणे यांत अंतर आहे. डेव्हिड ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली निरोगी माणसांना तिखट जेवण आणि वेगळ्या वेळी अॅस्पिरिनसह साधे जेवण देऊन नंतर दुर्बिणीतून त्यांची जठरे पाहिली, तेव्हा अॅस्पिरिनने अस्तराला इजा झालेली दिसली आणि मिरचीने झालेली दिसली नाही. ज्याला आधीच अल्सर आहे त्याला तिखटाने त्रास होईल आणि त्याने ते तात्पुरते कमी केले तर माझी हरकत नाही, मात्र तिखट सोडल्याने जंतू मरत नाही.

तंबाखूचे प्रकरण निराळे आहे. धूम्रपान करणाऱ्यांत अल्सर जास्त आढळतो, उशिरा भरतो आणि पुन्हा उलटतो. तुमच्या खलाश्यांच्या बाबतीत मी बिडी आणि अंगदुखीच्या गोळ्या यांची चौकशी आधी करीन आणि तिखटाची सर्वांत शेवटी.

मिठाचा संबंध अल्सरपेक्षा जठराच्या कर्करोगाशी अधिक जुळतो. हेलिकोबॅक्टर हा कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली जाहीर केले आणि खारवलेले पदार्थ सतत खाणाऱ्या समाजांत हा कर्करोग जास्त दिसतो. जंतू काढल्याने काय साधते याचे एक उदाहरण तुम्हा बंदरकरांना जवळचे वाटेल. तैवानच्या अखत्यारीतील मात्सू बेटांवर, जिथे मासेमारी हा जुना व्यवसाय आहे, २००४ पासून तीस वर्षांवरील सर्व रहिवाशांची तपासणी करून जंतू असलेल्यांना उपचार देण्याची मोहीम चालवली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण आधीच्या तुलनेत सुमारे ५३ टक्क्यांनी घटले. सुकट खाणे सोडा असे मी म्हणणार नाही; ती धुऊन, भिजवून, त्यातील मीठ कमी करून खावी.

पाटाचे_पाणी (गुहागर)

जंतू घरात येतो कुठून? आमच्या घरी भावाला औषधे दिली, तपासणीत जंतू गेल्याचे दिसले, आणि आता वहिनीला तोच त्रास आहे. आमची विहीर आणि शेजाऱ्यांचा शोषखड्डा यांत फारसे अंतर नाही, आणि जांभ्या दगडातून पाणी कसे झिरपते हे इथे कोणाला सांगायला नको.

सुरंगी (कुडाळ)

बहुतेकांना हा जंतू लहानपणी, साधारण पहिल्या काही वर्षांतच, घरातल्याच माणसांकडून मिळतो आणि उपचार न केल्यास जन्मभर राहतो. आईकडून मुलाकडे आणि भावंडाकडून भावंडाकडे, तोंडावाटे, उलटीतून किंवा विष्ठेने दूषित झालेल्या हातांतून तो जातो, असे पुरावे सांगतात. पाण्यात त्याचे जनुकीय अंश सापडले आहेत, पण पाण्यातून जिवंत जंतू वाढवून दाखवणे फार अवघड ठरले आहे, त्यामुळे विहिरीवर सगळा ठपका ठेवता येत नाही. तरीही जांभ्याच्या सच्छिद्रपणाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि कावीळ व विषमज्वर यांच्यासाठी तरी पाणी उकळून प्यावेच. वहिनींची स्वतंत्र तपासणी करा. भावाची चिठ्ठी दाखवून तीच औषधे आणू नका. चीनमधील तज्ज्ञांनी अलीकडे एका रुग्णात जंतू सापडला की घरातील सर्व प्रौढांची तपासणी करावी अशी पद्धत सुचवली आहे, आणि एकत्र कुटुंबात मला ती शहाणपणाची वाटते.

बिमली (मालवण)

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, वैद्यक नव्हे, म्हणून बेतानेच लिहितो. जंतूचा शोध लागण्याआधी भारतातल्या अल्सरविषयी झालेले काम आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे आणि त्याचा आपल्या ताटाशी थेट संबंध आहे. फ्रँक टोव्ही नावाचे इंग्रज शल्यचिकित्सक १९५०-६० च्या दशकांत म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात काम करीत होते. दक्षिणेकडील भात खाणाऱ्या प्रदेशांत लहान आतड्याच्या अल्सरचे रुग्ण जास्त, आणि पंजाबसारख्या कोंड्यासकट गहू खाणाऱ्या प्रदेशांत कमी, हे पाहून त्यांनी या आजाराचा देशभरातील भूगोल अभ्यासायला घेतला. त्याच सुमारास रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील एस. एल. मल्होत्रा हेही भात आणि गहू खाणाऱ्या कर्मचाऱ्यांची तुलना करीत होते.

गंमत अशी की पुढे जंतू सापडला तेव्हा तो दोन्ही प्रदेशांत भरपूर असल्याचे दिसून आले, म्हणजे प्रदेशाप्रदेशांतला हा फरक एकट्या जंतूने उलगडत नाही. टोव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग धान्ये आणि कडधान्ये घेऊन उंदरांवर प्रयोग केले, आणि ज्या कडधान्यातील स्निग्ध अंशाने अल्सरपासून संरक्षण मिळते असे त्यांना आढळले, ते कडधान्य म्हणजे आपले कुळीथ. भाताबरोबर कुळथाची पिठी जेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना उंदीर लागले नाहीत, एवढेच म्हणतो आणि थांबतो.

सोलकढीचाही उल्लेख करायला हवा, कारण कोणीतरी करणारच. कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल हे द्रव्य प्रयोगशाळेतील बशीत हेलिकोबॅक्टरला मारते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन आहे. बशीत जंतू मारणारी द्रव्ये शेकड्यांनी सापडतात. जठरातल्या श्लेष्माच्या थराखाली दडलेल्या जंतूपर्यंत सोलकढीतले गार्सिनॉल पोहोचते, असा त्याचा अर्थ होत नाही.

सुरंगी (कुडाळ)

बिमली सर, कुळथाचा संदर्भ मला नवा आहे आणि आवडला. पिठी जेवून कोणाचे नुकसान होणार नाही. फक्त एवढे जोडते की उंदरांवरील निष्कर्ष माणसांवरच्या चाचणीची जागा घेत नाहीत, तेव्हा चौदा दिवसांच्या औषधांऐवजी पिठी असा पर्याय कोणी काढू नये.

घाटमाथा_ते_दादर (मुंबई, मूळ गाव देवगड तालुका)

माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, गावी असतात. हृदयात स्टेंट बसवल्यापासून त्यांना रोज ७५ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन आहे, आणि गुडघे दुखतात म्हणून ते अधूनमधून गोळी घेतात हे मला या गणपतीत कळले. पोटाची तक्रार मुळीच नाही. तरी तपासणी करावी काय?

सुरंगी (कुडाळ)

तक्रार नसणे हे या वयात फसवे असते. वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत पुष्कळदा अल्सर दुखतच नाही, कारण गोळी ती वेदनाही दाबते, आणि पहिले लक्षण थेट रक्तस्राव हेच असते. वय, अॅस्पिरिन आणि तिच्यावर दुसरी वेदनाशामक गोळी या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढत जातो. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत आणि बाहेरून लावायचे जेल यांवर भागते का, ते आधी पाहावे.

तुमच्या प्रश्नाला नेमके उत्तर देणारी एक चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि २०२२ साली प्रसिद्ध झाली. रोज अॅस्पिरिन घेणाऱ्या साठीच्या पुढच्या, जंतू असलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना जंतूनाशक उपचार दिला आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. पहिल्या अडीच वर्षांत अल्सरच्या रक्तस्रावाने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याच्या घटना उपचार घेतलेल्यांत ६ आणि इतरांत १७ घडल्या. अडीच वर्षांनंतर मात्र हा फायदा टिकलेला दिसला नाही. म्हणजे लाभ खरा आहे, पण तो हजारांत मोजण्याइतका लहान आहे आणि कायमचाही नाही. वडिलांच्या बाबतीत जंतूची तपासणी करून घेणे योग्य, आणि वय पाहता अॅस्पिरिनबरोबर आम्लरोधक गोळी रोज चालू ठेवावी का हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारणे त्याहून महत्त्वाचे.

जांभादगड (राजापूर तालुका)

यावर एक उपप्रश्न. आम्लरोधक गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडे जातात, स्मृतिभ्रंश होतो असे संदेश मोबाइलवर सतत फिरतात, आणि ज्यांना ती खरोखर आवश्यक आहे असे लोकही बंद करतात.

सुरंगी (कुडाळ)

ते निष्कर्ष बहुतांशी निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांतले आहेत, ज्यांत मुळातच जास्त आजारी असलेली माणसे ही गोळी घेत असतात. हृदयविकाराच्या सुमारे १७,६०० रुग्णांत पँटोप्राझोल आणि निष्क्रिय गोळी यांची सुमारे तीन वर्षे तुलना करणारी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली, तीत आतड्यांचे संसर्ग किंचित वाढण्यापलीकडे असा कोणताही धोका सिद्ध झाला नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ब जीवनसत्त्व १२ आणि मॅग्नेशियम यांच्यावर लक्ष ठेवावे. ज्याला गरज नाही त्याने ती घेऊ नये, हे तर तुमच्या पहिल्या परिच्छेदातच आले आहे.

रात्रपाळी (रत्नागिरी जिल्हा)

मी परिचारिका आहे. डॉक्टरांनी रक्तस्रावाबद्दल सविस्तर लिहावे, अशी विनंती. डांबरासारखी काळी, चिकट आणि विशिष्ट घाण वास असलेली शौच होत असताना लोक दोन-दोन दिवस घरी थांबतात, आणि मग रात्री निघतात तेव्हा पावसात घाटरस्ता किंवा महामार्ग बंद असतो. दुर्बिणीची सोय असलेले रुग्णालय गाठायला कित्येक तास लागतात, आणि नातेवाइकांना वाटते की आता उशीर झाला, सगळे संपले.

सुरंगी (कुडाळ)

संपलेले नसते, आणि यावर थेट संशोधन आहे. हाँगकाँगमध्ये जेम्स लाऊ यांच्या गटाने गंभीर रक्तस्राव असलेल्या ५१६ रुग्णांत दुर्बिणीने तपासणी सहा तासांच्या आत केली तर काय होते आणि सहा ते चोवीस तासांच्या दरम्यान केली तर काय होते, याची तुलना केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण घाई केलेल्या गटात ८.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.६ टक्के होते, म्हणजे घाईने काही साधले नाही. मात्र यातून ‘थांबले तरी चालते’ असा अर्थ काढू नका. त्या चाचणीतले सगळे रुग्ण रुग्णालयात होते, शिरेतून द्रव आणि आम्लरोधक औषध घेत होते आणि त्यांच्यावर नजर होती. आपल्यासाठी अर्थ असा की जवळचे उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय आधी गाठावे, तिथे रक्तदाब सावरून घ्यावा, आणि मग दुर्बिणीच्या ठिकाणी पाठवावे. थेट मोठ्या शहराकडे गाडी दामटत वाटेत रुग्ण गमावण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

रक्ताच्या बाबतीतही तसेच. बार्सिलोनातील २०१३ सालच्या चाचणीत हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या रुग्णांपैकी ९५ टक्के सहा आठवड्यांनंतर जिवंत होते, आणि ९ च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपैकी ९१ टक्के. रक्तपेढी दूर असलेल्या जिल्ह्यात हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, परंतु ज्यांना हृदयविकार आहे त्यांच्यासाठी मर्यादा वर ठेवावी लागते आणि ज्याचे रक्त धो धो वाहत आहे त्याच्या बाबतीत आकड्याची वाट पाहायची नसते.

काळ्या शौचाबद्दल रात्रपाळी यांनी केलेले वर्णन अचूक आहे. लोहाच्या गोळ्यांनी आणि बिस्मथनेही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते आणि तिला तो वास नसतो. चक्कर, घाम, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी किंवा पोट एकाएकी फळीसारखे कडक होणे यांपैकी काहीही असेल तर रात्र सरण्याची वाट पाहू नये. शेवटच्या लक्षणात अल्सरने भिंत आरपार भेदलेली असू शकते आणि तिथे शस्त्रक्रियाच लागते.

हर्णैबंदर (दापोली तालुका)

तिखटाबाबत माझे समाधान झाले आहे, आता चिंतेचे सांगा. निसर्ग वादळात घरांची छपरे आणि नारळी-पोफळीच्या बागा गेल्या, त्यानंतर आमच्या भागात पोटाच्या तक्रारी वाढल्या असे आम्हाला तरी वाटले. तेही मनाचे खेळ म्हणायचे काय?

सुरंगी (कुडाळ)

मुळीच नाही. जंतू सापडल्यानंतर काही काळ चिंतेला या खटल्यातून पूर्ण मुक्त करण्यात आले होते, ते घाईचे झाले. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर रक्तस्राव होणारे अल्सर वाढले, आणि २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर तर जंतूही नाही आणि वेदनाशामकही नाहीत अशा रुग्णांचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले. डेन्मार्कमध्ये तीन हजारांहून अधिक लोकांवर केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसिक ताण जास्त असलेल्यांना पुढील वर्षांत अल्सर होण्याची शक्यता जास्त दिसली, आणि जंतूचा व गोळ्यांचा हिशेब वजा केल्यावरही ती कायम राहिली. ताणात माणूस बिडी जास्त ओढतो, झोपत नाही, गोळ्या जास्त घेतो, हा त्यातला एक भाग आहे, पण सगळा नाही. तरीही ‘चिंतेमुळे झाले’ असे निदान दवाखान्यात करायचे असेल तर आधी जंतू आणि गोळ्या या दोन्हींची शहानिशा झालेली असावी.

घाटमाथा_ते_दादर (मुंबई, मूळ गाव देवगड तालुका)

डॉक्टर, वडिलांना फोन केला. गुडघ्याच्या गोळ्या बंद करतो म्हणाले, पण धागा वाचून दाखवल्यावर त्यांनी अॅस्पिरिनही आजपासून नको असे ठरवले आहे. काय सांगू?

सुरंगी (कुडाळ)

अॅस्पिरिन आज रात्रीच पुन्हा सुरू करायला सांगा. स्टेंट असलेल्या माणसाने ती स्वतःच्या मनाने बंद करणे अल्सरपेक्षा धोक्याचे आहे. हाँगकाँगमध्येच ज्यांना अल्सरचा रक्तस्राव प्रत्यक्ष होऊन दुर्बिणीने थांबवावा लागला होता अशा, हृदयासाठी किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी अॅस्पिरिन घेणाऱ्या १५६ रुग्णांवर चाचणी झाली, जी २०१० साली प्रसिद्ध झाली. सर्वांना पँटोप्राझोल चालू होते. लगेच अॅस्पिरिन सुरू केलेल्यांत पुन्हा रक्तस्राव १०.३ टक्के लोकांना झाला आणि न दिलेल्यांत ५.४ टक्के लोकांना. परंतु आठ आठवड्यांतील मृत्यू अॅस्पिरिन चालू असलेल्यांत १.३ टक्के आणि बंद ठेवलेल्यांत १२.९ टक्के होते. रक्तस्राव होऊन गेलेल्यांची ही स्थिती, तर वडिलांना अजून रक्तस्राव झालेलाच नाही. बंद करायच्या त्या गुडघ्याच्या गोळ्या. शौचातील प्रतिजनाची तपासणी देवगडहून नमुना पाठवूनही होऊ शकते, आणि ते आम्लरोधक कॅप्सूल घेत असतील तर नमुना देण्याआधी ती दोन आठवडे थांबवता येईल का, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून मगच ठरवा.